बेनाडेरेटबाई : पडद्यामागचा आवाज

रावेरहून निघून तापीच्या काठाकाठाने शिरपूरपर्यंत जो कोणी प्रवास करील, त्याच्या कानांस एक मौज सहज अनुभवास येईल. रावेर-यावलकडे लेवा मंडळींची बोली, मध्येच गुजरांची बोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा बांधवांची पावरी. प्रत्येकीचा हेल निराळा, ठसका निराळा. या सर्व बोली जशाच्या तशा बोलून दाखविणारा एखादा गडी गावात असला, म्हणजे लग्नाच्या मांडवात त्याच्याभोवती कोंडाळे जमलेच म्हणून समजावे. कीर्तनकारबुवा एकाच आख्यानात सासू होतात, सून होतात, आणि सुनेचे गाऱ्हाणे ऐकणारी शेजारीणही होतात. बहुरूप्याचे तर पोटच या विद्येवर चालते. परंतु बुवा काय आणि बहुरूपी काय, आपल्या डोळ्यांसमोर उभे असतात. बिदागी त्यांच्याच हाती पडते. आपला आवाज लक्षावधी लोकांनी ऐकावा, त्याला हसावे, घरातील माणसाच्या आवाजासारखा तो ओळखावा, आणि तरीही तो कोणाचा हे वर्षानुवर्षे कोणास ठाऊक नसावे, हा योग विरळा. असा योग ज्यांच्या वाट्यास आला त्या एका अमेरिकन बाईंचे चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे.

आमच्या थोरल्या वाचकांपैकी पुष्कळांनी त्यांचा आवाज ऐकला असेल. सन १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली, तेव्हा तिच्यावर 'द फ्लिंटस्टोन्स' नावाची एक अश्मयुगीन कुटुंबाची चित्रमालिका दाखवीत असत. दगडाची घरे, दगडाच्या चाकांची आणि घरधन्याच्या पायांनी धावणारी मोटार, आणि कुत्र्याऐवजी पाळलेला डायनासोर! फ्रेड व विल्मा हे एक जोडपे, बार्नी व बेटी हे त्यांच्या शेजारचे. त्यातील बेटी, जी बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावरही एक विशिष्ट खुदकन् हसे, तिचा आरंभीच्या वर्षांतील आवाज म्हणजे बिॲट्रिस बेनाडेरेट यांचा. आपल्याकडील मुले तो ऐकू लागली तेव्हा बाईंना जाऊन सत्तावीस वर्षे होत आली होती.

बेनाडेरेटबाईंचा जन्म ता. ४ एप्रिल १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. वडील सॅम्युअल हे तुर्कस्तानातून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले ज्यू गृहस्थ. त्यांचा धंदा तंबाखूचा. आई मार्गारेट आयरिश वंशाची. मुलीचे नाव बिॲट्रिस. त्याचे लाडके रूप बी, आणि पुढे जन्मभर हेच नाव चालले. (आपल्याकडे बी म्हणजे जमिनीत पेरावयाची. नाव अगदीच अस्थानी नव्हते, असे पुढील हकीकत वाचून वाटू लागते.) मुलगी लहान असतानाच कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकास, पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरी, राहावयास गेले. तेथे सेंट रोज नावाच्या कॉन्व्हेंट शाळेत तिचे शिक्षण झाले व पुढे त्याच शहरातील एका नाट्यशाळेत तिने अभिनयाचे पाठ घेतले. वडिलांचे बोलणे एका वळणाचे, आईचे दुसऱ्या. बंदराचे गाव असल्यामुळे रस्त्यावर चिनी, इटालियन, मेक्सिकन अशी नाना देशांची माणसे. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीचा कान लहानपणीच तयार झाला असल्यास नवल नाही.

त्या काळी नभोवाणी ही नवलाईची वस्तू होती. मुंबईस नभोवाणीचे केंद्र निघाले ते जुलै १९२७ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी, बेनाडेरेटबाई सॅन फ्रान्सिस्कोच्या केएफआरसी या नभोवाणी केंद्रात नोकरीस लागल्या. केंद्र लहान, माणसे थोडी, आणि कार्यक्रम मात्र रोजचे. त्यामुळे जे पडेल ते काम करावे लागे. गाणे म्हणावयाचे, नाटुकल्यांतून भूमिका करावयाच्या, प्रसंगी त्या लिहावयाच्याही, आणि निवेदन करावयाचे. बाईमाणसाने निवेदन करणे ही त्या दिवसांत तिकडेही नेहमीची गोष्ट नव्हती. दहा वर्षे त्यांनी ही उमेदवारी केली. शाळा सुटताच नावलौकिक पाहिजे अशी ज्यांची समजूत असते त्यांनी या दहा वर्षांचा हिशेब जरूर ध्यानात घ्यावा, कारण पुढील तीस वर्षांचे भांडवल येथेच साठले.

सन १९३६ मध्ये त्या हॉलिवूड येथे गेल्या. चित्रपटांची नगरी म्हणून हे गाव प्रसिद्ध असले, तरी बाईंचे तिकडे जाणे नभोवाणीसाठीच होते. अमेरिकेतील मोठमोठे कार्यक्रम आता तेथून निघू लागले होते. दुसऱ्याच वर्षी जॅक बेनी या विनोदी नटाच्या कार्यक्रमात त्यांचा प्रवेश झाला, आणि ऑर्सन वेल्स हा तरुण दिग्दर्शक नभोवाणीवर जी नाटके करीत असे त्यांतूनही त्यांनी कामे केली.

हे काम कसे चाले हे सांगितल्यावाचून बाईंची योग्यता कळावयाची नाही. कार्यक्रम आधी मुद्रित करून ठेवीत नसत. ठरल्या वेळी नटनटी हातात कागद घेऊन ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहात व शब्द तोंडातून निघताच देशभर जात. चूक झाली तर ती सुधारावयाची सोय नाही. त्यात अमेरिका एवढी रुंद, की पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे जेवण आटोपले तरी पश्चिम किनाऱ्यावर अद्याप दुपारच! म्हणून पुष्कळ कार्यक्रम एकदा पूर्वेसाठी आणि पुन्हा तीन तासांनी पश्चिमेसाठी, असे दोनदा करावे लागत. नटीला वेषभूषा नाही, रंग नाही, हातवारे नाहीत. वय, जात, स्वभाव, दारिद्र्य, श्रीमंती, राग, लोभ, सर्व काही गळ्यातून काढावयाचे. एका कार्यक्रमात मोठ्या घराण्यातील गर्विष्ठ बाई व्हावयाचे, तर दुसऱ्यात मोलकरीण. कोठे शाळेची मुख्याध्यापिका, तर कोठे गल्लीतील भांडखोर शेजारीण. जॅक बेनीच्या कार्यक्रमात बेनाडेरेटबाई व सॅरा बर्नर या दोघीजणी टेलिफोन जोडून देणाऱ्या बायका होत. गर्ट्रूड गिअरशिफ्ट हे बाईंच्या पात्राचे नाव. त्या दोघी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ठसक्यात आपल्याच गिऱ्हाइकांची अशी काही टवाळी करीत, की १९४५ साली एकदाच यावयाचे म्हणून आलेले हे पात्र वर्षानुवर्षे टिकून राहिले.

अशा या बाईंकडे व्यंगपट काढणाऱ्यांचे लक्ष न जाते तरच आश्चर्य. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीचे सहा-सात मिनिटांचे व्यंगपट त्या वेळी मुख्य चित्रपटाच्या आधी थिएटरात दाखवीत. दूरचित्रवाणीवर ते पुढे गेले आणि तेथेच ते जगभर पसरले. सन १९४३ च्या सुमारास बेनाडेरेटबाई या कामास लागल्या व सुमारे बारा वर्षे ते करीत राहिल्या. सन १९४४ च्या एका व्यंगपटात त्या लाल टोपीवाली मुलगी झाल्या. गोष्टीतील मुलगी गोड असते. बाईंची मुलगी अशी कर्कश व आगाऊ, की बग्ज बनी हा ससा आणि लांडगा हे दोघे हाडवैरी शेवटी तिच्याविरुद्ध एक होतात! तीन अस्वलांच्या कुटुंबातील गरीब, मुकाट आई त्यांनीच बोलविली, व सन १९५४ मधील चेटकीण हेझेलही त्यांचीच. पण सर्वांत प्रसिद्ध झाली ती ट्वीटी नावाच्या पिवळ्या पाखराची म्हातारी मालकीण. सन १९५० पासून ही आजी आपल्या पाखरावर टपलेल्या सिल्वेस्टर बोक्याला छत्रीने बदडीत आली आहे. तिला आवाज देणारी बाई त्या वेळी अवघी चव्वेचाळीस वर्षांची होती, हे ऐकूनही खरे वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या सर्व व्यंगपटांच्या आरंभी जी नावे येतात त्यांत बेनाडेरेटबाईंचे नाव शोधून सापडावयाचे नाही. तेथे आवाजाच्या खाली एकच नाव असे, मेल ब्लँक यांचे. मेल ब्लँक हे असामान्य नट होते. ससा, बदक, डुक्कर, बोका, पाखरू अशा कितीतरी पात्रांना त्यांनी आवाज दिला. त्यांनी एकदा मालकांपाशी पगारवाढ मागितली. मालकांनी पैसा वाढविण्याचे नाकारले, पण त्याऐवजी पडद्यावर नाव देण्याचे कबूल केले, आणि करार असा झाला की आवाजासाठी नाव फक्त त्यांचेच यावे. थोडक्यात, मालकाचे चार पैसे वाचले व त्याची किंमत इतर नटनटींनी आपल्या नावांनी भरली. यात ब्लँक यांचा दोष काढावा असे आम्हांस वाटत नाही. तोपर्यंत तर आवाज देणाऱ्या कोणाचेच नाव येत नसे, आणि त्यांनी झगडून निदान एकाचे आणविले. पण एकाचे आले की दुसऱ्याचे आपोआप येते असे नाही, उलट दार अधिकच घट्ट बंद होते, ही गोष्ट खरी. ब्लँक व बेनाडेरेटबाई जॅक बेनीच्या कार्यक्रमातील जुने सोबती होते आणि पुढेही त्यांनी एकत्र काम केले.

हा प्रकार परदेशचाच असे समजण्याचे कारण नाही. आपल्या धुळे जिल्ह्यातील तापीकाठचे थाळनेर हे गाव लता मंगेशकर यांचे आजोळ. त्या थाळनेरच्या नातीचा आवाज १९४९ साली 'महल' या चित्रपटातून घरोघर गेला, तेव्हा त्यातील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते कामिनी, म्हणजे पडद्यावरील पात्राचे! श्रोत्यांनी नभोवाणी केंद्राकडे विचारणा चालविली, आणि मग खरे नाव जाहीर झाले. लताबाईंच्या बाबतीत श्रोते जागे झाले. व्यंगपटातील म्हातारीच्या आवाजाची विचारपूस करावयास कोण जाणार? चित्रातील आजी जणू स्वतःच बोलते अशी प्रेक्षकाची समजूत व्हावी, यातच तर त्या कामाचे यश. जितके काम चांगले, तितका करणारा अधिक अदृश्य. अशा कामात नावाची जबाबदारी प्रेक्षकावर टाकून भागत नाही. ती काम करवून घेणाऱ्याने उचलावयाची असते.

सन १९५० मध्ये जॉर्ज बर्न्स व ग्रेसी ॲलन या विनोदी दांपत्याचा नभोवाणीवरील कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला, आणि त्याबरोबर बेनाडेरेटबाईंचा चेहराही प्रथमच लोकांच्या घरात आला. ग्रेसीची शेजारीण व जिवाभावाची मैत्रीण ब्लांच मॉर्टन ही त्यांची भूमिका. आठ वर्षे हा कार्यक्रम चालला. तेवढ्या काळात ब्लांचच्या नवऱ्याचे काम मात्र एकामागून एक चार नटांनी केले! त्यातील एक बदल मोठ्या गमतीने झाला. सन १९५३ मध्ये एका प्रसंगात ब्लांच हातात जाडजूड पुस्तक उगारून नवऱ्याच्या डोक्यात घालण्याच्या पवित्र्यात उभी आहे. नवरा आत यावयाचा तो स्वतः बर्न्सच मंचावर आले. त्यांनी बेनाडेरेटबाईंना तसेच उभे ठेवले, जुना नट हा कार्यक्रम सोडून जात असल्याचे प्रेक्षकांस सांगितले, नव्या नटाची ओळख करून दिली, दोघांनी एकमेकांस अदबीने नमस्कार केला, आणि मग खेळ जेथे थांबला होता तेथून पुन्हा सुरू झाला. पुस्तक अर्थातच नव्या नवऱ्याच्या डोक्यात बसले.

याच नोकरीपायी त्यांची एक मोठी संधी गेली. ल्युसिल बॉल या नटीबरोबर बेनाडेरेटबाई १९४८ पासून नभोवाणीवर एका कौटुंबिक मालिकेत काम करीत होत्या. १९५१ मध्ये बॉलबाईंनी दूरचित्रवाणीसाठी 'आय लव्ह ल्युसी' ही मालिका काढण्याचे ठरविले, तेव्हा एथेल या शेजारणीच्या भूमिकेसाठी त्यांच्या मनात पहिले नाव होते ते बेनाडेरेटबाईंचे. पण बाई बर्न्स यांच्या कार्यक्रमाशी बांधलेल्या. भूमिका गेली व्हिव्हियन व्हान्स या नटीकडे. ती मालिका पुढे किती गाजली हे सांगावयास नको. बेनाडेरेटबाईंनी त्यात जानेवारी १९५२ मध्ये एकदा पाहुणी म्हणून येऊन एका लाजऱ्या प्रौढ कुमारिकेचे काम केले, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध. सन १९५४ मध्ये दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातील एमी या पारितोषिकासाठी सहाय्यक अभिनेत्रींची नावे निघाली, त्यांत दोघी शेजारणी होत्या, ब्लांच आणि एथेल. पारितोषिक मिळाले एथेलला. पुढल्या वर्षी पुन्हा दोघींची नावे आली. त्या खेपेस ते तिसरीच घेऊन गेली.

संसाराविषयी थोडक्यात सांगू. जिम बॅनन या नटाशी १९३८ मध्ये झालेला त्यांचा विवाह बारा वर्षांनी तुटला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी. मुलगा जॅक हाही पुढे नट झाला. सन १९५८ मध्ये त्यांनी जीन ट्वॉम्ब्ली यांच्याशी विवाह केला. हे गृहस्थ जॅक बेनीच्या कार्यक्रमात ध्वनिपरिणामांचे काम करीत, म्हणजे दाराची करकर, घोड्यांच्या टापा, फुटणाऱ्या काचा वगैरे आवाज काढीत. बायको माणसांचे आवाज काढणारी आणि नवरा वस्तूंचे! असे जोडपे दुसरे कोठे झाले असेल असे वाटत नाही.

सन १९६० मध्ये विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा या जोडीने 'द फ्लिंटस्टोन्स' काढली. ता. ३० सप्टेंबर रोजी तिचा पहिला भाग दिसला. व्यंगचित्रे मुलांसाठी आणि सकाळच्या वेळी, हा शिरस्ता मोडून अर्ध्या तासाची ही चित्रमालिका घरातील सर्व मंडळी एकत्र बसतात त्या रात्रीच्या वेळी दाखविली गेली.

येथे चित्र काढण्याची एक बाब विद्यार्थ्यांस सांगण्यासारखी आहे. पडद्यावर एका सेकंदास चोवीस चित्रे सरकतात. थिएटरातील व्यंगपटासाठी माणसे महिनेच्या महिने बसून हजारो चित्रे रेखाटीत. दूरचित्रवाणीस दर आठवड्यास अर्धा तास पाहिजे. त्यासाठी ना तेवढा पैसा, ना वेळ. म्हणून हॅना-बार्बेरा यांनी युक्ती केली. पात्राचे अंग स्थिर ठेवावयाचे आणि ओठ, पापणी, हात एवढेच हलवावयाचे. मागील घरे, झाडे तीच ती पुन्हा फिरवावयाची. चित्र असे जवळजवळ गप्प बसले, म्हणजे त्यात जीव ओतण्याचे काम उरले आवाजाकडे. शिवाय आवाज आधी मुद्रित होत व ते ऐकून मागाहून चित्रकार ओठ रेखाटीत. तेव्हा बेटी हसली म्हणून बाई हसत नसत. बाई हसल्या म्हणून बेटी हसे. नभोवाणीवर ज्यांचे आयुष्य गेले अशा नटनटींची निवड या कामी झाली ती उगीच नव्हे. विल्माचा आवाज जीन व्हँडर पाइल यांचा, फ्रेडचा ॲलन रीड यांचा, आणि बेटीच्या नवऱ्याचा, बार्नीचा, पुन्हा मेल ब्लँक यांचा. फरक एवढाच, की या वेळी शेवटच्या नामावळीत सर्वांची नावे होती.

जानेवारी १९६१ मध्ये ब्लँक यांच्या मोटारीस भयंकर अपघात झाला. कित्येक दिवस ते बेशुद्ध होते. काही भागांपुरते त्यांचे काम दुसऱ्या नटाने चालविले. पण पुढे ब्लँक घरी आले, तेव्हा सर्वांग प्लास्टरात असतानाच त्यांच्या बिछान्याभोवती ध्वनिक्षेपक मांडून सोबत्यांनी तेथेच मुद्रण केले. बेटी आणि बार्नी यांचा हसता-खेळता संसार ज्यांनी त्या दिवसांत ऐकला, त्यांना तो एका आजाऱ्याच्या खोलीतून येतो आहे याची कल्पना कोठून असणार?

पुढल्या वर्षी पॉल हेनिंग यांनी 'द बेव्हर्ली हिलबिलीज' ही मालिका काढली. अंगावर डोंगरी वळणाचे कपडे, बोली खेडवळ, आणि एकाएकी लक्षाधीश झालेले हे कुटुंब. बर्न्स यांच्या कार्यक्रमाचे लेखक म्हणून हेनिंग बाईंचे जुने परिचित. त्यातील आजीचे काम आपणांस मिळावे अशी बाईंची मनापासून इच्छा होती व त्यासाठी त्यांनी परीक्षाही दिली. पण आयरीन रायन या किरकोळ बांध्याच्या नटीची परीक्षा पाहताच ही भूमिका तिचीच आहे, असे बाईंनी स्वतःच कबूल केले. पन्नाशी उलटलेल्या, जन्मभर दुसऱ्यांच्या पाठीमागे उभे राहिलेल्या नटीने असा निवाडा आपल्याविरुद्ध द्यावा, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कोणत्याही भूमिकेपेक्षा मोठी वाटते. त्यांना त्याच मालिकेत पर्ल नावाच्या नातलग बाईचे काम मिळाले.

हेनिंग हे विसरले नाहीत. सन १९६३ मध्ये त्यांनी 'पेटिकोट जंक्शन' ही मालिका खास बेनाडेरेटबाईंसाठी रचली. रेल्वेच्या एका विसरलेल्या फाट्यावर तीन मुलींना घेऊन लहानसे हॉटेल चालविणारी केट ब्रॅडली ही विधवा, आणि त्या फाट्यावरून ये-जा करणारी कॅननबॉल नावाची एकुलती जुनाट गाडी. २०२० पर्यंत आमच्या पाचोऱ्याहून जामनेरास जी अरुंद रुळांची गाडी धावत असे, तिच्यात बसलेल्या वाचकांस या गाडीचा स्वभाव निराळा समजावून सांगावयास नको! मालिका पहिल्याच वर्षी अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय मालिकांत जाऊन बसली. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, नभोवाणी केंद्रात प्रथम पाऊल टाकल्यापासून सदतीस वर्षांनी, बेनाडेरेटबाई प्रथमच नायिका झाल्या. त्यासाठी बेटीला मात्र निरोप द्यावा लागला, कारण दोन्ही कामे एका वेळी होईनात. १९६४ पासून बेटीसाठी गेरी जॉन्सन ही दुसरी नटी बोलू लागली.

चार वर्षे सुखाची गेली. सन १९६७ च्या अखेरीस बाईंना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. केट प्रवासास गेली आहे असे सांगून मालिका तिच्याविना चालविण्यात आली. पुढल्या वर्षी त्या कामावर परतल्या. प्रेक्षकांना आनंद झाला. परंतु रोग हटला नव्हता. नव्या हंगामातील पहिले काही भाग कसेबसे झाले, आणि मग ध्वनिचित्रणाच्या जागी उभे राहण्याचेही त्राण उरले नाही.

ता. १३ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिस येथे बेनाडेरेटबाईंचे निधन झाले. वय बासष्ट होते. चौथ्या दिवशी त्यांचे पती जीन ट्वॉम्ब्ली हेही हृदयविकाराच्या झटक्याने गेले. दोघांचे दफन एकाच ठिकाणी झाले.

यानंतर ता. २६ ऑक्टोबर रोजी मालिकेचा एक भाग दाखविण्यात आला. केटची मुलगी बाळंत व्हावयाची होती आणि आईवाचून ते घडणे बरे दिसले नसते. म्हणून बाईंच्या जागी दुसरी एक स्त्री उभी केली होती. तिची पाठ तेवढी दिसते, तोंड दिसत नाही. बोलते मात्र केटच. बाईंनी तेवढे संवाद आधी म्हणून ठेवले होते.